जंतूंचा आचारी

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे आचारी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण ते असं काही चिकटलं होतं की ऑफिसातून कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते स्वतःच क्षणभर दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंय अशा चेहऱ्याने बसून राहत.

ते खरोखर स्वयंपाकच करत, फक्त तो माणसांसाठी नसे. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर आमची लॅब आहे. वॉर्डांमधून रुग्णांचे बेडके, घशात फिरवलेले कापसाचे बोळे, जखमांमधला पू आमच्याकडे येतो आणि त्यात कुठले जंतू आहेत ते आम्ही शोधतो. जंतू डोळ्यांना दिसायचे तर आधी ते वाढावे लागतात, आणि वाढायचं तर त्यांना खायला हवं. ते खाणं आचारी बनवत. समुद्री शेवाळाची पूड, मांसाचा अर्क, मीठ आणि पाणी मोठ्या चंबूत घालायचं, तळाला लागू न देता उकळायचं, मग ऑटोक्लेव्ह नावाच्या आडदांड प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करायचं. बाहेर काढलेला चंबू मनगटाला लावून बघायचा. सोसेल इतका कोमट झाला की त्यात मेंढीचं रक्त घालायचं आणि बुडबुडा येऊ न देता झाकणाच्या चपट्या प्लेटींमध्ये ओतायचं. थोड्या वेळाने त्याची लाल जेली होते. या प्लेटींना लॅबमध्ये सगळे बशाच म्हणायचे, कारण आचारी तसं म्हणायचे.

हेच रक्त जरा जास्त गरम मिश्रणात घातलं की तपकिरी होतं. त्या रंगामुळे या जेलीला चॉकलेट अगार म्हणतात, आणि काही जंतूंना तीच लागते. दरवर्षी नवीन शिकाऊ मुलं आली की आचारी गंभीर चेहऱ्याने विचारत, आज चॉकलेट कुणाकुणाला हवंय? एक तरी हात वर व्हायचाच.

मी तिथे जंतुशास्त्राची डॉक्टर म्हणून लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी होतं. त्या भिंतीत कँटीनला असते तशी एक सरकती खिडकी होती. आचारी तिच्यातून बशांची चळत पुढे सरकवत आणि मी ती घेत असे. आमचं दिवसभराचं बोलणं बहुतेक त्या खिडकीतूनच व्हायचं, आणि तेही फार नसे. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना काका.

त्यांच्या बायकोचं मात्र उलटं होतं. ती गाडी चालवायला शिकवायची. छपरावर पाटी लावलेली, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली एक पांढरी गाडी होती, आणि सकाळी आचारी तिच्या मागच्या सीटवर बसून कामावर येत. पुढे एखादा शिकाऊ घामाघूम होऊन चाक धरून बसलेला असे आणि शेजारी ही. गाडी फाटकात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. आरसा बघ, आरसा. क्लच हळू सोड, तो काय पळून जाणार आहे? आचारी तिला मास्तरीण म्हणत, म्हणून आम्हीही मास्तरीणबाई म्हणायला लागलो. तिने त्यांनाही गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्याच धड्याला ते उतरून चालत घरी गेले, असं ती सांगायची आणि तिथेच उभी राहून पोट धरून हसायची. आचारी एवढंच म्हणायचे की घरात बोलायचं खातं तिच्याकडे आहे आणि ऐकायचं आपल्याकडे, आणि कामाची वाटणी बरी चालली आहे. त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

थंडीचे दिवस होते. फ्लूची साथ दर थंडीत येते तशी आली होती, फक्त त्या वर्षी जरा जोरात. गाडीच्या काचा बंद, आत दोन माणसं, आणि मास्तरीणबाईंच्या एका शिकाऊ बाईला दर गिअरला शिंक यायची. आधी मास्तरीणबाईंना ताप भरला, मग आचारींना. ते घोंगडी पांघरून दोन-तीन दिवस खुर्चीत बसून राहिले आणि उठून कामावर आले. त्यांचं सगळं एवढ्यावरच निभावलं. तिला मात्र चांगलंच झोपवलं होतं. अंग मोडून आलं, खोकून खोकून बरगड्या दुखल्या. पण तीही उठली. ताप गेला, जेवण जायला लागलं. शिकाऊंची परीक्षा तोंडावर होती म्हणून तिने गाडी पुन्हा बाहेर काढली. त्या सकाळी मी तिला फाटकाशी भेटले. बरी आहे म्हणाली, फक्त जिने चढताना दम लागतो, वय झालं वाटतं. पन्नाशीही झाली नव्हती तिची.

त्याच दुपारी तिला गाडीतच हुडहुडी भरली. पुढचं आम्हाला त्या शिकाऊ बाईकडून कळलं, शिंकणाऱ्या त्याच. मास्तरीणबाईंनी तिला गाडी कडेला घ्यायला लावली, छातीला हात लावून जरा वेळ तशाच बसल्या आणि मग म्हणाल्या की आता मला हॉस्पिटलला ने. ती बाई तोवर भर रहदारीत कधी गेलीच नव्हती. ती रडायलाच लागली. मास्तरीणबाईंनी तिला शांतपणे रस्ता सांगितला. मधे खोकला येई, थुंकीत रक्त होतं ते त्या रुमालात धरत, आणि परत वळण सांगत. शेवटच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांचं ऐकू नकोस, माझं ऐक. हॉस्पिटलच्या दाराशी त्यांना उतरवून घ्यायला माणसं आली, तरी आत नेताना मान वळवून त्यांनी त्या बाईला हँडब्रेक ओढायला सांगितलं.

एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं ढगाळलेली दिसत होती. ऑक्सिजन लावला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं आणि संध्याकाळच्या आत अतिदक्षता विभागात हलवलं. बेडका तपासायला आमच्याकडे आला. बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचलं. आचारी वर जाऊन आले होते, पण तिथे बसू देत नाहीत, म्हणून खाली येऊन काम करत होते. घरी जा म्हटलं, तर म्हणाले की उद्याच्या बशा कमी पडतील. खिडकीतून त्यांनी दिलेल्या चळतीतली वरची बशी मी घेतली. प्रत्येक बशीच्या तळाला ते काळ्या पेनाने बनवल्याची तारीख लिहीत. त्या तारखेशेजारी मी त्यांच्या बायकोचं नाव लिहिलं आणि बेडक्याचा थेंब जेलीवर ओढला.

सकाळी बशी उघडली तर सबंध भरली होती. सोनेरी रंगाचे, लोण्याचे थेंब सांडावेत तसे गोल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून जेली पारदर्शक झालेली. दुसरा कुठला जंतू जवळजवळ नव्हताच. खिडकी सरकली आणि आचारींनी विचारलं, उगवलं का? मी हो म्हटलं. त्यांनी आत वाकून बघितलं. इतकी वर्षं ते या जंतूला जेवायला घालत होते, त्यांना नाव सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान हलवली आणि खिडकी हळूच बंद केली. मी वर फोन लावला. डॉक्टरांना अंदाज होताच, औषध बरोबरच चालू होतं. अकराच्या सुमारास मास्तरीणबाई गेल्या. मुलगी अजून वाटेत होती.

दुसऱ्या दिवशी औषधांची चाचणी पूर्ण झाली. जंतूच्या बशीवर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या गोल चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्या चकतीभोवती जंतू उगवत नाही. या बशीत जवळपास सगळ्याच चकत्यांभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळं होती. वेळेत मिळालं असतं, तर अगदी साधं औषधही पुरलं असतं. मी रिपोर्ट लिहिला आणि पाठवून दिला. तो कुणी वाचणार नव्हतं.

अंत्यविधी झाल्यावर आठवडाभर तरी आचारी येणार नाहीत असं आम्ही धरलं होतं. ते चौथ्याच दिवशी आले. ॲप्रन घातला, चंबू काढला, तराजू पुसला. दुपारी खिडकी सरकवून त्यांनी विचारलं, औषध लागू होतं का? मी सांगितलं, होतं. त्यांनी खिडकीची कड फडक्याने पुसली. मग म्हणाले, "बशी चांगली होती ना, मॅडम?"

मला प्रश्नच कळेना.

"त्या दिवशी रक्त जरा जुनं होतं," ते म्हणाले. "म्हणून विचारलं."

बशी चांगली होती असं मी सांगितलं. बरं, म्हणाले, आणि कामाला लागले.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण काही घडलंच नाही. आचारी वेळेवर येत, वेळेवर जात. आता बसने येत. काम पूर्वीसारखंच चोख होतं. चॉकलेटचा विनोदही त्यांनी त्या वर्षी केला, पण मुलं हसेपर्यंत ते थांबले नाहीत, वळून निघून गेले. मास्तरीणबाईंचा फोन त्यांच्याच खिशात असे आणि तो वाजायचा. शिकाऊ लोकच असत. ते उचलून सांगत की त्या नाहीत. कधी येतील, असं विचारलं की सांगत, वारल्या. एकदा पलीकडच्या मुलाने विचारलं की मग माझ्या परीक्षेचं काय? आचारींनी त्याला न रागावता दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा नंबर दिला, नीट एकेक आकडा सांगून. त्यात त्यांना काही विचित्र वाटलं नसावं. गाडी मास्तरीणबाईंचा ड्रायव्हिंग स्कूलमधला भागीदार घेऊन गेला होता, तेही त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. खालच्या शेजाऱ्याने गाडीच्या जागी स्कूटर लावली आणि चालेल ना असं विचारलं तेव्हा.

मुलगी रोज फोन करायची. एकदा तिने मलाच फोन केला. म्हणाली, बाबा रडत नाहीत, मला भीती वाटते. मी त्यांना सरळच विचारलं की कसं वाटतं. त्यांनी जरा विचार केला. "दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना," ते म्हणाले, "तसं. गाल असतो जागेवर, पण आपला वाटत नाही." आणि मग ऑटोक्लेव्हचं झाकण कुरकुरतंय, तेल घालायला हवं, हे सांगितलं.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. त्यांचं त्या साथीत एक संशोधन चालू होतं. फ्लू झालेल्या माणसांच्या नाकाघशात आधीपासून कुठले जंतू राहतात आणि त्यांच्यामुळे शरीराचा फ्लूशी होणारा झगडा बदलतो का, असा तो विषय होता. कुणी दगावलं तर घरातल्या बाकीच्यांच्या नाकातला नमुनाही ते घेत. आचारींना कसं विचारावं म्हणून सरांनी ते बरेच दिवस टाळलं. शेवटी विचारलं, तर आचारींनी तिथल्या तिथे खुर्चीत बसून मान मागे टाकली.

त्यांच्या नाकात तोच सोनेरी जंतू निघाला. त्यात आश्चर्य काहीच नव्हतं, तीन-चार माणसांत एकाच्या नाकात तो असतोच आणि जन्मभर काही करत नाही. पण सरांनी मास्तरीणबाईंचा जंतू आणि आचारींचा जंतू दोन्ही जनुकीय तपासणीला बाहेर पाठवले होते. त्याचं उत्तर आलं तेव्हा सरांनी आचारींना आपल्या खोलीत बोलावलं आणि मलाही थांबायला सांगितलं.

सर तसे भराभर बोलणारे, पण त्या दिवशी अडखळत होते. त्यांनी सांगितलं की दोघांचा जंतू एकच आहे. एकाच घरातला, एकाच वंशाचा. आचारींनी विचारलं, म्हणजे माझ्याकडून तिला गेला का? सर म्हणाले की हे कळायला काही मार्ग नाही. तुमच्याकडून त्यांना गेला असेल, त्यांच्याकडून तुम्हाला आला असेल, पंधरा वर्षांपूर्वी आला असेल. एका उशीवर झोपणाऱ्या माणसांचे जंतू वेगळे राहत नाहीत.

मग आचारींनी दुसरा प्रश्न विचारला. एकच जंतू, एकच फ्लू, मग मी कसा राहिलो?

सरांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले की फ्लूचा विषाणू आला की शरीर सगळी ताकद त्याच्यामागे लावतं. श्वासनलिकेचं अस्तर सोलून निघतं. विषाणूला हटवायला शरीर जे इशारे सोडतं, त्याच इशाऱ्यांनी जंतू गिळणाऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. माणूस उठून बसतो, ताप गेलेला असतो, त्याला वाटतं सुटलो. नेमका तेव्हाच दरवाजा सताड उघडा असतो आणि राखणदार दमलेले असतात. एरवी नाकात मुकाट पडून राहिलेला जंतू त्या दिवसांत खाली फुफ्फुसात उतरू शकतो. मास्तरीणबाईंचं तसं झालं.

आणि माझं?

"तुमचं मी ठामपणे सांगू शकत नाही," सर म्हणाले. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये दरवर्षी लस घेता. त्या घेत होत्या का?"

"तिला सुईची भीती वाटायची," आचारी म्हणाले. भर रस्त्यात ट्रकवाल्यांना दम देणाऱ्या बाईबद्दल ते हे सांगत होते. मला ते माहीत नव्हतं.

सर म्हणाले की लसीमुळे असेल, नशिबाने असेल. आणि आणखी एक शक्यता आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नाकात हाच जंतू आधीपासून असला तर पुष्कळदा फ्लू सौम्य जातो. जंतू रोज शेजारी राहिल्यामुळे तिथल्या पेशी जरा शांत व्हायला शिकलेल्या असतात. विषाणू आला की त्या घर जाळून टाकण्याइतक्या पेटत नाहीत, आणि म्हणून फुफ्फुस वाचतं. माणसात असं होतं का, ते अजून नक्की नाही. त्यासाठीच तर हे नमुने.

आचारी हे सगळं हात मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मला वाचवणारा तोच, आणि तिला नेणारा तोच."

"असेल," सर म्हणाले. "नक्की नाही."

आचारींनी मान हलवली. राग नाही, दुःख नाही, चेहऱ्यावर काही नाही. सरांनी त्यांना एक मलमाची ट्यूब दिली. नाकात आठवडाभर लावलं की जंतू जातो. तसं आवश्यक नाही, पण मनाला बरं वाटत असेल तर लावा. आचारींनी ट्यूब हातात फिरवून बघितली, त्यावरची तारीख वाचली आणि टेबलावर परत ठेवली.

"सध्या नको," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याबरोबर खोलीपर्यंत चालत गेले. का नको ते विचारायचा माझा विचार नव्हता. तेच म्हणाले, अगदी बसचा नंबर सांगावा तशा आवाजात, "तिच्यातलं जिवंत असं तेवढंच राहिलंय." मग त्यांनी मास्क लावला आणि चंबूखालची शेगडी पेटवली. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. समोर बशांची चळत होती आणि कितीतरी वेळ मी एकही उघडली नाही.

सरांच्या अभ्यासासाठी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा नमुना घ्यायचा असे. ते काम माझ्याकडे आलं. दर वेळी सोनेरी ठिपके उगवत. जंतू आहे असं मी सांगे, ते बरं म्हणत. त्यात काही भावुक नव्हतं. पण कधी मी सांगायला विसरले तर ते खिडकीशी येऊन थांबत, दुसरंच काहीतरी काढत, आणि मला आठवेपर्यंत जात नसत.

दीड वर्षाने मुलीला दिवस गेल्याचं कळलं. शेवटच्या महिन्यांत काही गुंतागुंत निघाली, शस्त्रक्रिया करूनच बाळ काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यानंतर काही दिवस तिने वडिलांकडे राहायचं ठरवलं. हे सगळं त्यांनी मला तुटक तुटक सांगितलं, कामाच्या मधे मधे. एका सकाळी खिडकी सरकली. बशा नव्हत्या, नुसता त्यांचा हात होता, तळवा वर केलेला.

"ते मलम द्या," म्हणाले. "पोरीला टाके असतील. आणि बाळ."

मी सरांकडून ट्यूब आणून दिली. त्यांनी ती सकाळ-संध्याकाळ सांगितल्याप्रमाणे लावली. नंतर मी नमुना घेतला, नेहमीसारखा बशीवर ओढला. दुसऱ्या दिवशी नाकातले नेहमीचे दोन-चार पांढरे, बिनमहत्त्वाचे ठिपके होते. सोनेरी एकही नव्हता. खात्रीसाठी मी पुन्हा नमुना घेतला, तोही तसाच. मी बशी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. खिडकीतून द्यायला मन होईना.

त्यांनी बशी उजेडाकडे धरली, वाकडी करून बघितली, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. गेला, म्हणाले. मी हो म्हटलं. ते वळले आणि बेसिनपाशी जाऊन एक चंबू विसळायला लागले. तो आधीच स्वच्छ होता. पाणी चंबूत भरून वर येत होतं, बाहेर सांडत होतं, त्यांच्या बाहीत शिरत होतं. पुढे होऊन मीच नळ बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नळ चालू राहिला होता का, असं विचारलं.

मुलगी आली, बाळ आलं. नात झाली होती. मी बघायला गेले तेव्हा घर औषधांनी, दुपट्यांनी आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेलं होतं. आचारी बाटल्या उकळत होते. त्या कामात त्यांना कुणी हात लावू देत नव्हतं. मुलीने मला हळूच सांगितलं की बाळ परवा त्यांच्या तोंडावरच शिंकलं. ते आधी हसले, मोठ्याने, तिने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं तसं. मग हसता हसताच ते रडायला लागले आणि बाळाला तिच्याकडे देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने आत आले तेव्हा भूक लागलीय म्हणाले. हे सांगताना तिचा आवाज सुटकेचा होता. मी आचारींकडे बघितलं. ते चिमट्याने बाटली उचलत होते, चेहरा नेहमीसारखाच. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. बधिरपणा कुठे कुठे उतरला होता, कुठे कुठे होता तसाच होता.

त्यानंतरच्या नमुन्यात पुन्हा सोनेरी ठिपके आले. सरांनी तेही तपासणीला पाठवले. हा वंश वेगळा होता, पूर्वीच्याशी काही नातं नसलेला. कुठून आला कोण जाणे, बसमधून, हॉस्पिटलातून, किंवा मुलगी आणि जावई यांच्याकडून. मी सांगितलं तेव्हा आचारींनी एवढंच विचारलं की हा लहान मुलांना त्रास देतो का. एरवी नाही, मी म्हटलं. बाळाच्या डॉक्टरांनाही विचारा. त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटल्यावर तो विषय संपला. पहिल्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. हॉस्पिटलने त्याच सुमारास तयार बशा विकत घ्यायला सुरुवात केली. त्या खोक्यांतून येतात, एकसारख्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, तळाला छापलेली तारीख. भिंतीतली खिडकी अजून आहे, पण पलीकडच्या खोलीत आता खोकी रचलेली असतात.

आचारी मुलीकडे राहायला गेले. गेल्या महिन्यात कामानिमित्त त्या शहरात जाणं झालं, तेव्हा मी त्यांना भेटले. नात शाळेत जायला लागली आहे, शिशुवर्गात. ते तिला आणायला निघाले होते, म्हणून मीही बरोबर गेले. शाळेच्या फाटकाशी पोरांचा लोंढा बाहेर आला. निम्म्यांची नाकं वाहत होती. त्यांतली एक धावत येऊन आचारींच्या पायाला बिलगली आणि तिने त्यांच्या विजारीलाच नाक पुसलं. मी त्यांना विचारलं, तब्येत कशी आहे, काका?

"सर्दी झालीय," ते म्हणाले. "हिच्यामुळे. घरात सगळ्यांनाच." मग खिशातून रुमाल काढून आधी तिचं नाक पुसलं, मग आपलं, आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला रस्त्याच्या कडेला खाली बसले.